निर्झरेचा ठोका

"पुसू नका ओ!"

श्रीशैल बिराजदार एवढ्या जोरात ओरडले की फिरोज तांबोळींच्या हातातलं फडकं खाली पडलं. तांबोळी म्हणजे पुण्यातल्या या प्रयोगशाळेचे मुख्य अभियंता. वय पन्नाशीपुढे, आणि धूळ दिसली की हात शिवशिवायचे. समोर पांढऱ्या दिव्यांखाली जे कपडे धुण्याचं मशीन उभं होतं त्याच्यावर तर अकरा वर्षांची धूळ होती.

"बाहेरून तरी पुसू द्या, काका," प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. ऋता घैसास हसून म्हणाल्या. "आम्हाला फक्त आतलं हवंय."

"बाहेरून पुसा की. आत बोट लावायचं नाही."

मशीनच्या दाराला सुतळीनं पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधली होती. तांबोळींनी ती सरळ करून वाचली. निर्झरा ४००. पुढून दार, पाणी तापवणारे. मालक: बिराजदार, सोलापूर. दोष: ठोका. कारण: सापडले नाही.

"आमच्या मंडळाची पद्धत आहे," बिराजदार म्हणाले. "दोष लपवायचा नाही. सापडला की खोडायचा."

मंडळ म्हणजे सोलापूरचं धुलाईयंत्र रसिक मंडळ, एकूण सभासद सतरा. घरोघर ध्वनिकपाटं आली त्याला आता जमाना झाला होता. कपडे टांगा, दार लावा, ध्वनिलहरी मळ झटकून टाकतात, पाण्याचा थेंब लागत नाही. तरी ही सतरा म्हातारी माणसं आपापली पाण्यावरची मशीनं जपून होती. ज्याच्या दारात बोअरचं पाणी असेल त्याच्याकडे रविवारी जमायचं, एक अख्खं धुणं लावायचं आणि भिजवणीपासून सुकवणीपर्यंत ते ऐकायचं. धुणं चालू असताना बोलायचं नाही हा पहिला नियम. शिंक आली तर बाहेर जायचं. सुकवणीची घरघर चढत चढत टिपेला जाऊन उतरायला लागली की एखाद्याचे डोळे भरून यायचे, कारण त्याच आवाजावर तो लहानपणी दुपारचा झोपी गेलेला असायचा. गल्लीतले लोक म्हणत, कामधंदा नाही म्हाताऱ्यांना, धुणी ऐकत बसतात. त्यात खोटं काहीच नव्हतं.

आणि मंडळात बिराजदारांसारखा कान कुणाचा नव्हता. टॉवेलच्या कारखान्यात पस्तीस वर्षं त्यांनी यंत्रमाग दुरुस्त केले होते. फाटकाबाहेर चहा पिताना ते सांगत, सव्वीस नंबरचं बेअरिंग गेलंय. जाऊन बघावं तर गेलेलंच असे.

"आता मला परत एकदा नीट सांगा," ते स्टुलावर बसत म्हणाले. "पत्रात वाचलं, पण डोक्यात शिरलं नाही."

"सोलापूरचं पाणी कसं आहे?" ऋतांनी विचारलं.

"जड. डाळ शिजत नाही त्यात."

"कारण त्यात क्षार आहेत. पाणी तापलं की ते टबाच्या अंगावर पांढरे बसतात. बसत असताना टब थरथरत असतो. मोटरनं थरथरतो, तसा शेजारी कुणी बोललं तर त्या आवाजानंही, अगदी बारीक. थरथर जास्त असते तेव्हा कण विरळ बसतात, कमी असते तेव्हा दाट. एका धुण्याला एक थर, जसं झाडाच्या खोडात वर्षाला एक कडं. त्या धुण्याच्या वेळी टबाला जे जे काही जाणवलं ते सगळं त्या थरात असतं."

"आम्ही त्याला क्षारलेख म्हणतो," तांबोळी म्हणाले. "आमचा किरण वरून एकेक थर सोलत जातो आणि सोलता सोलता वाचतो. पण सोललेला थर परत मिळत नाही. वाचायची संधी एकदाच."

"म्हणजे शेवटचं धुणं आधी."

"बरोबर. पण तुमच्या मंडळानं आमची पार निराशा केली बघा. सतरा मशीनं, आणि सोळांचे टब आरशासारखे लख्ख!"

बिराजदार ओशाळले. दर महिन्याला लिंबूसत टाकून टब उकळायचा आणि त्यात तोंड दिसलं पाहिजे, हा मंडळाचा दुसरा नियम. सोलापुरातल्या सोळा घरांच्या गप्पा त्यांनी मोठ्या अभिमानानं मोरीतून सोडून दिल्या होत्या. एक निर्झरा तेवढी राहिली होती, कारण एका गुरुवारनंतर बिराजदारांनी तिला हात लावला नव्हता.

शिवरात्रीच्या सुमाराच्या त्या गुरुवारी नेहमीसारखंच धुणं लावलेलं होतं. त्यांची बायको महानंदा नेहमीच्या जागी, बुटक्या स्टुलावर, मशीनला पाठ टेकून बसली होती. पाणी तापलं की तो पत्रा छान उबदार व्हायचा, आणि त्या थंडीत ती पुन्हापुन्हा तिथे येऊन टेकायची. दमायला होतं म्हणायची. बिराजदार स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला लावून आणि मूठ कानाला लावून तो ठोका शोधत होते. ती काहीतरी बोलायला लागली. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. नंतर तिचे ओठ हललेले त्यांना दिसले, पण शब्द कानात शिरले नाहीत, कारण कान दुसरीकडे होता. धुणं झालं, ती बादली घेऊन गच्चीवर गेली आणि खाली आली नाही. अर्धवट वाळत टाकलेल्या चादरीखाली ती त्यांना सापडली. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

तिला काय सांगायचं होतं, या एका प्रश्नानं त्यांना अकरा वर्षं पोखरलं होतं. लेक हुबळीहून फोनवर म्हणाली होती, बाबा, कशाला खपली काढताय. पण प्रयोगशाळेचं पत्र आलं त्याच दिवशी त्यांनी निर्झरा टेम्पोत चढवली.

पहिला थर वाचायला अर्धा तास लागला. मग ऋतांनी कळ दाबली आणि खोलीत निर्झरेची मोटर घुमू लागली. बिराजदारांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं मोटर थांबली. भिजवण सुरू झाली होती.

"अहो, ऐका की ओ."

बिराजदारांनी टेबलाची कड घट्ट धरली. तीच होती. वाढदिवसाच्या चित्रफितींमधली लाजून बोलणारी नव्हे, घरातली.

"एक सांगायचं हुतं."

"श्श्! आधी हा ठोका सापडू दे. मग सांग."

"बरं," महानंदा म्हणाली.

मग मोटर सुरू झाली ती शेवटपर्यंत. त्यात शब्द नव्हता.

"एवढंच?" बिराजदारांनी विचारलं.

"एवढंच, काका."

त्यांना वाटत आलं होतं की ती बोलली आणि आपण ऐकलं नाही. आता कळलं की ती बोललीच नाही, कारण आपण तिला गप्प केलं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की समोरच्या दोघांकडे बघवेना. ऋतांनी पाण्याचा पेला पुढे केला. तो त्यांनी नुसताच हातात धरून ठेवला.

तांबोळींना अशा वेळी काय बोलावं ते सुचत नसे, म्हणून ते पडद्यावरच्या रेघा बघत बसले होते. तेच म्हणाले, "काका, तुम्ही ज्याला ठोका म्हणता तो हा का?"

त्यांनी बाकी आवाज गाळून एकच आवाज मोठा केला. धप्प. धप्प. मग रिकामं. मग घाईघाईनं तीन.

बिराजदार ताडकन उभे राहिले. "हाच! हाच ओ!"

त्यांचा चेहरा एकदम उजळला. या ठोक्यापायी त्यांची कमी थट्टा झाली नव्हती. कधी यायचा, कधी यायचा नाही. त्यांनी बेअरिंग बदललं, पट्टा बदलला, स्प्रिंगा बदलल्या. शेवटी एका रविवारी सगळं मंडळ घरी बोलावलं. सतरा जण श्वास रोखून बसले आणि तो मेला ठोका आलाच नाही. मंडळातले उडाणशिवे म्हणाले, श्रीशैल, कान तपासून घे. तेव्हापासून नसलेली गोष्ट कुणी सांगायला लागलं की मंडळात म्हणत, हा बिराजदारांचा ठोका.

"मोटर बंद, पट्टा बंद, पाणी जागच्या जागी," ते म्हणाले. "मग वाजतंय काय? मिनिटाला किती आहेत?"

"एकशे बारा. पण अंतर सारखं नाही. मध्येच एक गळतो."

ऋतांच्या हातातलं पेन थांबलं. दोन वर्षांपूर्वी त्या इस्पितळात वडिलांच्या उशाशी बसून महिनाभर एका पडद्यावर अशाच रेघा बघत होत्या.

"काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आज इथंच थांबू या का?"

"आता थांबायचं? खालचे थर वाचा सगळे. दोष कसा सापडतो सांगू? तो असतो त्या दिवशी नाही सापडत. ज्या दिवशी नसतो त्या दिवशी काय वेगळं होतं ते बघायचं. पस्तीस वर्षं हेच केलंय मी."

ऋतांनी तांबोळींकडे बघितलं. तांबोळींच्या काही लक्षात आलं नव्हतं. सांगावं की नाही हे ऋतांना ठरवता येईना, आणि बिराजदार तर अकरा वर्षांत प्रथमच तरतरीत दिसत होते. ऋतांनी किरण पुन्हा सुरू केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकतिसावा थर संपला आणि खाली चकचकीत पोलाद लागलं. मधल्या थरांत महानंदा भाजीबद्दल बोलली होती, लेकीबद्दल बोलली होती, आणि बिराजदारांनी वीसेक वेळा श्श् केलं होतं. तांबोळींनी बिराजदारांच्या धुण्याच्या वहीतल्या तारखा घालून तक्ता पुढे ठेवला. एकतीस धुण्यांपैकी सत्तावीस धुण्यांत ठोका होता. चारांत नव्हता.

बिराजदारांनी चष्मा चढवून बोट ठेवलं. "ह्या दोन तारखांना महानंदा हुबळीला होती, लेकीकडं. धुणं मीच लावलेलं. हा सोमवार, ती सकाळीच सिद्धेश्वराला गेलेली. आणि हा चौथा म्हणजे आमचं मंडळ आलं तो रविवार. त्या दिवशी तर सगळे घरातच होते. मी, मंडळ, आणि ती आत सगळ्यांचा चहा..."

बोट तिथेच राहिलं.

तांबोळींनी बाहेरची धूळ पुसली होती. मशीनच्या डाव्या अंगाला, बुटक्या स्टुलावर बसलेल्या बाईची पाठ टेकेल तेवढ्या उंचीवर, पत्र्याचा रंग घासून फिकट झालेला होता. बिराजदारांनी त्या जागेवरून हात फिरवला.

"पाणी भरा," ते म्हणाले.

"काका, त्याची गरज नाही," ऋता म्हणाल्या.

"भरा ओ. तपासल्याशिवाय दोष लिहीत नाही आम्ही."

नळी जोडली, पाणी भरलं, मोटर फिरून थांबली. बिराजदार कोपऱ्यातलं एक बुटकं स्टूल ओढून डाव्या अंगाला पाठ टेकून बसले. तांबोळींनी त्यांच्या सांगण्यावरून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला लावलं आणि मूठ कानाला.

"येतोय का?"

आता तांबोळींनाही कळलं होतं. "येतोय."

"सारखा आहे?"

"हो. एकसारखा आहे. तुमचा चांगला आहे."

बिराजदार उठले आणि चार पावलं लांब जाऊन उभे राहिले.

"आता?"

तांबोळींनी खूप वेळ ऐकलं. "नाही. काहीच नाही."

मशीनमध्ये पाणी संथ होतं. ऋता जवळ आल्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण बिराजदारांनीच विचारलं, "सगळ्यात खालच्या थरात होता का तो?"

"होता."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधीचं कळायला मार्ग नाही, काका. खाली पोलाद आहे."

"दिवाळीत शेवटचं लिंबूसत टाकलं होतं मी," बिराजदार म्हणाले. "तोंड दिसलं पाहिजे म्हणून. पुढं या ठोक्याच्या नादात राहूनच गेलं." मग त्यांचा आवाज फुटला. "दिवाळी ते शिवरात्र. सोळा आठवडे ओ. कुणाला ऐकू आला नाही, मला आला. दर धुण्याला कान लावून बसत होतो. दोनदा बेअरिंग बदललं मी. दोनदा! ती शेजारी बसून पाने देत होती मला हातात."

ते रडले, आणि त्या दोघांनी त्यांना रडू दिलं.

नंतर त्यांनी तोंड धुतलं. ऋतांनी विचारलं की त्या शेवटच्या धुण्याची ध्वनिफीत सोबत हवी का, तर ते हो म्हणाले. मग त्यांच्याकडून पेन मागून घेतलं, मशीनसमोर खाली बसले आणि दाराची चिठ्ठी गुडघ्यावर धरली. आधी कारणापुढचं खोडलं. मग दोषापुढचा ठोका हा शब्द खोडला, आणि जरा थांबून त्याच्याशेजारी सावकाश अक्षरात लिहिलं, नाही.

"मशीन चांगलं होतं ओ," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "पहिल्यापासून चांगलं होतं."