हंगाम चुकलेली भिंत

पाडव्याच्या सकाळी 'सप्तर्षी' इमारतीतल्या सगळ्या दिवाणखान्यांच्या भिंती कैरीच्या रंगाच्या झाल्या. टिपणीसांची तेवढी झाली नाही. ती शेवाळी झाली, तीही जुन्या विहिरीच्या आत असतं तसल्या काळपट शेवाळाची.

कुमुदिनी टिपणीसांनी आधी पडदे ओढून घेतले. समोरच्या इमारतीतल्या लोकांना दुसऱ्यांच्या भिंती वाचण्यापलीकडे उद्योग नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या स्वतः रोज खिडकीशी बसून तेच करत.

एरवी एक हंगाम चुकला म्हणून आभाळ कोसळलं नसतं. पण ठाण्यात आता पत्रिका जुळली की मुलाकडचे भिंत बघायला येत. मुलीला नटवून बसवता येतं, भिंतीला नाही, असं म्हणायची रीत पडली होती. जी भिंत हंगामाबरोबर चालते, तिचं घर शांत; जिची वाट वेगळी, त्या घरात काहीतरी दडपलेलं. आणि कर्णिक मंडळी संध्याकाळी यायची होती, टिपणीसांच्या मुलीला, रुचाला, आणि भिंतीला बघायला. अशा प्रसंगी घरचे कर्ते पुरुष करतात तेच रुचाचे वडील करत होते: आतल्या खोलीत शर्टाला इस्त्री.

कुमुदिनीबाईंनी चुलतदिराला बोलावून घेतलं. हा ऋतुलेप डॉ. हेरंब टिपणीसांच्याच प्रयोगशाळेतून निघालेला. ऋतुलेप म्हणजे भिंतीवर एकदाच चढवायचा, जिवंत रंगपेशींचा पातळ थर. थंडीत तो घोंगडीसारखा खरखरीत आणि विटकरी होई, उन्हाळ्यात शहाबादी फरशीसारखा गार. दर ऋतूला रंगारी बोलावून, सामान हलवून वर्षभर घर उकरत बसायचं लोकांचं दुखणं त्याने संपवलं होतं.

"भाऊजी, तुमचा लेप नासला."

"दूध आहे का वहिनी, नासायला?" हेरंबनी भिंतीला हात लावला आणि तो काढायला जरा वेळ घेतला. "मला सांगा, हंगामाचा रंग कोण ठरवतं?"

"मिलानमधली कोणीतरी फॅशनवाली बाई."

"कोणीच ठरवत नाही. माणूस घाबरला की त्याच्या श्वासातून, घामातून काही रेणू हवेत जातात. लेप ते हुंगतो. एकेक रंग धरून बघतो आणि ज्या रंगात ते रेणू कमी होतात तो ठेवतो. आम्ही त्याला उतारछटा म्हणतो, भीतीचा उतारा. शहरातल्या सगळ्या भिंतींच्या उतारछटांची सरासरी काढली की झाला हंगामाचा रंग. चारचौघांइतकंच घाबरणाऱ्या घराला तो पुरतो."

"आणि आम्हाला का नाही पुरत? आम्ही काय दरोडे घातलेत?"

"घाबरलेल्या जनावराला दाट झाडी लागते, वहिनी. तुमच्या घरात कोणालातरी लागतेय." त्यांनी सोफ्यावर बसलेल्या पुतणीकडे पाहिलं. "रुचा, जरा गच्चीवर जाऊन येतेस?"

रुचा गेली. चहा उकळेपर्यंत भिंत उजळत आली आणि हिरवीगार कैरी होऊन बसली.

कुमुदिनीबाईंचा चेहरा भिंतीबरोबरच खुलला. "मग पाहुणे येईपर्यंत हिला गच्चीवरच ठेवू."

"आणि आल्यावर?"

"तेवढं तुम्ही बघा ना काहीतरी. शास्त्रज्ञ आहात."

"वहिनी, प्रश्न भिंतीचा नाही."

"पाहुणे भिंतच बघायला येतायत, भाऊजी."

रुचा दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या बाजूने भिंत पुन्हा काळवंडू लागली. तिने ते पाहिलं, त्या दोघांनीही पाहिलं.

"कशाची भीती वाटते, बाळा?" हेरंबनी विचारलं.

"काही नाही काका. कर्णिकांचा निनाद चांगला आहे, सगळे म्हणतात." मग ती थांबून म्हणाली, "आम्ही दोनदा भेटलो. दोन्ही वेळा माझं खाणं त्यानेच मागवलं. मी नको म्हटलं, तर हसला. नंतर माझा फोन उचलून बघत बसला. मी मागितला, तरीही हसलाच."

"काळजी घेणारा आहे," कुमुदिनीबाई म्हणाल्या, पण भिंतीकडे न बघता.

हेरंबना काहीतरी बोलायला हवं होतं. अशा वेळी ते नेहमी करत तेच त्यांनी केलं: आकडेवारीत शिरले. "हिचंच असं नाही. गेले काही आठवडे शहरभर भिंती याच बाजूला कलतायत. हा कल आता मागे फिरत नाही. पावसाळ्याचा रंग हाच."

"हे कोणाला माहीत आहे?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"फक्त कंपनीला. रंग बाजारात आणायला त्याचं नाव शोधणं चाललंय."

कुमुदिनीबाई उठल्या आणि सकाळी ओढलेले पडदे त्यांनी उघडून टाकले.

संध्याकाळी कर्णिक आले. निनादच्या आई वसुधाताई उंबऱ्यातच थबकल्या. "हे काय? आज पाडवा ना?"

"पुढच्या हंगामाची छटा," कुमुदिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "भाऊजींमुळे आमच्याकडे आधी आली. हो ना, भाऊजी?"

सगळे हेरंबकडे बघू लागले. रुचाही.

"पावसाळ्यात हाच रंग येणार आहे," ते म्हणाले. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

वसुधाताईंचा आवाजच बदलला. त्या रुचाला जवळ बसवून घेत भिंतीवर हात फिरवू लागल्या. कुमुदिनीबाईंनी खाजाचे कानवले आणले. निनादने रुचाच्या ताटलीतला कानवला उचलला आणि परत थाळ्यात ठेवला.

"लग्नापर्यंत हिला गोड बंद," तो हसत म्हणाला.

रुचाच्या पाठीमागे भिंत आणखी एक छटा खाली गेली.

"अगंबाई, बघा तरी," वसुधाताई हरखल्या. "किती गहिरा होतोय. आमच्याकडेही हाच लेप आहे हो. आमच्याकडे कधी येईल हा रंग?"

हेरंबनी तोंड उघडलं, पण उत्तर रुचाने दिलं.

"मी आले की."

वसुधाताई मनापासून हसल्या. मुलगी हजरजबाबी आहे, म्हणाल्या, आणि हा रंग घराघरांत पोचायच्या आतला एखादा मुहूर्त निघेल का, असं त्यांनी विचारलं.