मोहाखालची झोळी

या ग्रुपवर बहुतेक जण रात्रीच्या, भुताच्या गोष्टी लिहितात. माझी सकाळची आहे. लख्ख उन्हातली. म्हणूनच कदाचित कुणी मनावर घेत नाही.

पण मी हे माझ्या लेकीला मांडीवर झोपवून लिहितेय. तिच्या अंगावर हात ठेवून खोटं लिहायची माझी छाती नाही.

मागच्या चैत्रात झालं. सालेकसा तालुक्यात, माझ्या सासरच्या गावाबाहेर, जंगलाला लागून असलेल्या आमच्या शेतावर.

आम्ही राहतो गोंदियात. माझे मिस्टर योगराज, त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. लांबच्या सहली आम्ही कधी केल्या नाहीत, आणि कधी वाटलंही नाही. बाईक काढायची, हाजरा फॉलच्या पाण्यात पाय सोडून बसायचं. पावसाळ्यात जंगलात सात्या, म्हणजे रानातली अळंबी, उगवतात, पांढऱ्या छत्रीसारख्या, त्या शोधून आणायच्या आणि घरी येऊन झणझणीत भाजी करायची. हिवाळ्यात तळ्यावरचे ताजे शिंगाडे.

"घर के पास ही सब कुछ है," हे नेहमी म्हणतात.

आणि चैत्रात मोहफुलं.

शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आमची मोहाची झाडं आहेत. सकाळी फुलं वेचायची आणि ऊन चढलं की तिथंच पानगे लावायचे. कणकेचे जाड गोळे, पळसाच्या पानात गुंडाळून गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले. वर तुपाची धार. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. हॉटेलात कितीही पैसे मोजा, ती चव नाही.

पण पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी.

साक्षीच्या आधी मला एक मुलगा झाला होता.

थोडेच दिवस राहिला. बारसं व्हायच्या आधीच गेला. मी दवाखान्यातच होते. सासऱ्यांनी, जागेश्वर बाबूजींनी, त्याला माझ्याच ओढणीत गुंडाळलं आणि एकट्यानं गावाकडं घेऊन गेले.

आमच्या घरात एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत. मोहाच्या झाडाखाली पुरतात.

मी सासूबाईंना विचारलं होतं, मोहाखालीच का?

"मोहाले दूध रायते ना व," त्या म्हणाल्या. "फांदी तोडली का चीक निंगते. लेकराले भूक लागली त..."

आणि त्या चुलीकडं वळल्या.

पण कोणतं झाड, ते आईला सांगायचं नसतं. सांगितलं तर आई तिथंच जाऊन बसते आणि लेकराला पुढची वाट मिळत नाही, असं म्हणतात. बाबूजींनी कुणालाच सांगितलं नाही. योगराजना नाही, सासूबाईंनाही नाही. मागच्या चैत्राच्या आधीच्या पावसाळ्यात बाबूजी गेले. झाडही त्यांच्याबरोबर गेलं.

मी कधी कुणाला म्हटलं नाही, पण त्या शेतात गेले की प्रत्येक मोहाकडं बघायचे. हा असेल? की तो?

तर त्या सकाळी आम्ही सगळे निघालो. हे, सासूबाई शकुंतलाबाई, नणंद दुर्गेश्वरी, मी आणि कडेवर साक्षी. साक्षी तेव्हा नुकती बसायला लागली होती.

झाडांखाली फुलांचा सडा पडला होता. गोड, जड वास. दुर्गेश्वरी फुलं कमी वेचत होती, मोबाईल जास्त धरत होती.

"वहिनी, इकडं पाह्य ना! असा टोपला धर. हास थोडीशी."

"फुलं वेच व पोरी," सासूबाई ओरडल्या. "लगन झाल्यावर सासूले मोबाईल भाजून देशील का?"

"देईन ना. वरून तूप सोडून!"

आम्ही खूप हसलो. मला ते हसणं अजून आठवतं. त्यानंतर त्या शेतात आम्ही हसलो नाही.

साक्षीला झोप आली. दुर्गेश्वरीनं आईचं जुनं लुगडं घेतलं आणि कडेच्या एका मोहाला झोळी बांधली. त्याची फांदी खाली आली होती, सावलीही दाट होती. लेकरू निजलं.

मी जवळच वेचत होते.

टप... टप... फुलं पडत होती. माझ्या डोक्यावर, पाठीवर, टोपल्यात.

मग मला दिसलं.

झोळीच्या पलीकडं, खोडाला लागून, एका जागी एकही फूल नव्हतं.

सुपाएवढी जागा. चहूबाजूंनी फुलांचा थर, आणि मध्ये नुसती माती.

मी उभी राहून बघत राहिले. वरून फुलं पडतच होती. त्या मातीवर मात्र... एकही नाही.

"आई, इथं फुलं काऊन नाही पडत?"

"वाऱ्यानं उडाले असतील."

वारा नव्हता. झाडाचं पानही हलत नव्हतं.

मी परत वाकले, आणि तेव्हा तो आवाज आला.

चुट... चुट... चुट...

मध्येच थांबून नाकानं घेतलेला छोटासा श्वास. पुन्हा... चुट... चुट...

जिनं लेकराला अंगावर पाजलंय तिला हा आवाज सांगावा लागत नाही. मला वाटलं साक्षी जागी झाली आणि अंगठा चोखतेय. झोळी उघडून बघितली.

साक्षी गाढ झोपलेली. तोंड मिटलेलं.

आवाज खोडाच्या पलीकडून येत होता.

मी खोडाकडं वळले. आणि माझ्या ब्लाउजची एक बाजू ओली झाली. पान्हा फुटला होता.

फक्त डावीकडं.

साक्षी दोन्हीकडं पिते. तो... तो डावीकडंच प्यायचा. उजवीकडं घेतलं की तोंड फिरवायचा. दवाखान्यातली नर्स हसून म्हणायची, बडा जिद्दी है आपका बेटा.

हे माझ्याशिवाय घरात कुणालाच माहीत नव्हतं.

  साक्षीला झोळीतून काढलं, दुर्गेश्वरीच्या हातात दिलं. म्हटलं, माझं डोकं दुखतंय, जरा टेकते.

ते सगळे विस्तवाकडं गेले. पानगे फिरवत होते. मला सगळं दिसत होतं. हे भाजी ढवळत होते. दुर्गेश्वरी साक्षीला बोटानं वरण चाटवत होती. सासूबाई राख झटकत होत्या.

मी त्या मोकळ्या मातीजवळ बसले. खोडाला पाठ टेकली. डोळे मिटले.

आणि मग... मांडीवर वजन आलं.

अगदी थोडं. ओल्या टॉवेलच्या घडीएवढं.

डावीकडं ओढ लागली.

चुट... चुट... चुट...

मी डोळे उघडले. समोर साक्षी आत्याच्या मांडीवर बसून वरण खात होती.

माझ्या मांडीवर कुणीच नव्हतं.

ओढ मात्र थांबली नव्हती.

तुम्ही म्हणाल, ओरडायचं होतं, पळायचं होतं. मला भीती वाटली, खूप वाटली. पण मी उठले नाही. भुकेलं लेकरू अंगावर असताना आई कशी उठेल, तुम्हीच सांगा. मी पदर ओढून घेतला. जिथं डोकं असायला हवं तिथं हात ठेवला. हाताला काहीच लागलं नाही, फक्त तिथली हवा गार होती. चैत्रातल्या उन्हात गार.

त्याला नाव नव्हतं. हाक मारायला माझ्याकडं काही नव्हतं. मी नुसतीच मागंपुढं डोलत राहिले.

"ऊठ."

सासूबाई समोर उभ्या होत्या. हातातली पळसाची पानं खाली पडलेली. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. माझ्या मांडीकडं बघत होत्या.

"ऊठ व बाई. चाल घरी. मागं पाहू नको."

"आई, तो पिऊन राहिला..."

"मले दिसते का नाही, ते विचारू नको. तू ऊठ."

त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. पानगे तसेच विस्तवात राहिले. त्या झाडाखालची वेचलेली फुलं सासूबाईंनी टोपल्यातून परत तिथंच ओतली. हे विचारत राहिले, काय झालं, क्या हुआ यार? 

घरी आल्यावर त्यांनी माझे पाय धुतले. माझ्या सासूनं, माझे. मग दाराशी बसून रडत म्हणाल्या, "त्या झाडाचे फुलं तुया सासऱ्यानं कोणाले वेचू देल्लेच नाही. आमी म्हणो, म्हातारा येडा झाला, एवढं भरलं झाड सोडते. आता तो नाही त कोण आडवनार होता आपल्याले? झोळी आपणच नेऊन बांधली."

त्या दिवसापासून साक्षी डावीकडं पीत नाही.

तोंड नेलं की थांबते. बघते. जणू तिथं आधीच कुणी आहे. मग हसते आणि उजवीकडं वळते. डॉक्टर म्हणाले, मुलांना एक बाजू आवडते, नॉर्मल आहे. न पाजलेली बाजू आपोआप आटेल, असंही म्हणाले.

आटली नाही. रोज सकाळी, ऊन खिडकीत आलं की, भरून येते. आणि थोड्या वेळानं... रिकामी होते. हे मी फक्त सासूबाईंना सांगितलंय.

आता पुन्हा चैत्र आलाय. हे म्हणतात, यावेळी हाजरा फॉलला जाऊ, शेत नको. मी हो म्हटलंय.

साक्षी मोठी झाली, दूध सोडव, असं सगळे म्हणायला लागले. मागच्या आठवड्यात सासूबाईंचा फोन आला. कडुनिंबाचा पाला वाटून लाव म्हणाल्या, लेकरू आपोआप सोडते. मग थोडं थांबून हळूच म्हणाल्या, "दोन्हीकडं लाव व बाई. त्यालेबी जाऊ दे. तो किती दिवस तसाच रायल?"

मला कळतं. आपल्याच हातानं आपण लेकराची वाट अडवून धरलीय, हे कळतं. रात्री झोप लागत नाही, इतकं कळतं.

पाला वाटला. उजवीकडं लावला. साक्षी दोन दिवस रडली, मग विसरली. आता वाटीनं दूध पिते.

वाटीत पाला अजून उरला होता. मी आरशासमोर उभी राहिले, बोट बुडवलं, डावीकडं नेलं...

आणि हात धुऊन टाकला.