स्तामेना आजीचा तट

"बाराशे वर्षांपूर्वी हा मातीचा तट सम्राटाच्या फौजा अडवायला घातला. आता सरपंचाच्या एका कागदाने मी इथून उठू होय?"

अकरा शेळ्यांच्या मधोमध बसून स्तामेना आजीने गुप्तहेर झोर्नित्सा काल्चेव्हाला ठणकावलं.

मंगळवारी सगळं गाव बाजाराला गेलं असताना तटात कुणीतरी कमरेइतका खड्डा खणला होता. त्यात सापडलं आजीचं फावडं. पुरलेल्या सोन्याच्या हावेने म्हातारीनेच तट पोखरला, असा बोभाटा झाला. आज दुपारी पंचायत तिचा चराईचा हक्क काढून घेणार होती.

फावडं कायम कुंपणाला टांगलेलं असतं, कुणीही नेतं, असं आजीचं म्हणणं. एक मार्चला सगळं गाव मनगटाला बांधतं तो लाल-पांढरा दोरा तिच्याही हातात होता. "लोक पहिलं फुललेलं झाड दिसलं की दोरा काढून त्याला बांधतात. मी पहिला करकोचा दिसेपर्यंत थांबते. तोवर दोरा सोडणार नाही, आणि तटही."

झोर्नित्सा खड्ड्यात उतरली. वर काळी माती, तळाशी पिवळी चिकणमाती.

"बाई, इकडे या," दक्षिणेच्या खंदकातून तिचा सोबती मिंचो, निवृत्त पोस्टमन, ओरडला. "रानटी आलुबुखारा फुललाय. गावात तर अजून कळीसुद्धा नाही."

तटाआडची ती उन्हाची बाजू गावातून दिसत नसे. मिंचो फुलं बघत राहिला. झोर्नित्साने बघितला फांदीवरचा एकुलता एक दोरा. त्यात निळा मणी होता आणि गाठीवर वाळलेला पिवळा चिखल. तिने फांदीच तोडून घेतली.

मग गावात चौकशी. यंत्राने चर खणणारा वेल्को हसला. खणायचंच तर यंत्र आहे, फावड्याने पाठ कोण मोडून घेईल? जुनी नाणी जमवणारे लाझार मास्तर मंगळवारी बाजारात होते, शिवाय वेल्कोच्याच गाडीतून गेले होते. दोनशे मेंढ्यांचा मालक त्सोंको मात्र घरी होता. गुडघ्यामुळे शरदापासून तटावर पाय ठेवला नाही, म्हणाला. त्याच्या बायकोने राकिया, घरची फळांची दारू, ओतली. तिच्या दोऱ्यात निळा मणी होता. घरातल्या सगळ्यांचे दोरे तीच ओवते, आणि निळा मणी गावात दुसरं कुणी घालत नाही म्हणे.

"राकिया झकास," बाहेर पडताना मिंचो म्हणाला. त्याची चौकशी तिथेच संपली.

पंचायतीत सरपंचाने विचारलं, हक्क काढावा असं कुणाला वाटतं? हात वर झाले. सर्वांत आधी त्सोंकोचा.

"हात तसेच ठेवा," झोर्नित्सा म्हणाली. बाह्या घसरल्या होत्या. मनगटामनगटावर लाल-पांढरे दोरे, एक सोडून. "गावात झाड फुललं नाही, करकोचा आला नाही. तुमचा दोरा कुठेय, त्सोंकोकाका?"

"तुटला असेल."

तिने फांदी टेबलावर ठेवली. "निळा मणी तुमच्या घरचा. गाठीवरची पिवळी माती खड्ड्याच्या तळाची. दुखरा गुडघा तट चढला म्हणायचा. तुम्हाला सोनं नको होतं, आजीचं कुरण हवं होतं. म्हणून तिचं फावडं टाकून आलात."

"पण खणता खणता दोरा कशाला बांधत बसला?" मिंचोला कळेना.

"फुललेलं झाड पाहून दोरा नाही बांधला, तर वर्ष वाईट जातं. कायदा मोडायचं धाडस होतं त्यांच्यात, ही रीत मोडायचं नव्हतं."

त्सोंकोचा हात हळूच खाली आला. मग एकेक करून बाकीचेही.

आठवड्याने करकोचा आला. आजीने दोरा आलुबुखाऱ्याला बांधला आणि पुन्हा शेळ्यांमध्ये जाऊन बसली.

"दोरा सोडला," ती म्हणाली. "तट नाही."