नकाशाच्या मधोमधचं घर

ती एक ओळ काढू नकोस. बाकीचा सगळा कोड हवा तसा उलटापालटा कर, माझी काही हरकत नाही. नव्या सुनेला घर आवरायची हौस असतेच, नोकरीतही तसंच असतं. पण ती ओळ राहू दे. बस, दिवा जरा अलीकडे ओढ. अंधारून आलंय आणि तुला एवढ्या लांब घरी बोलावलंय ते उगाच नाही.

आमचं ॲप कशासाठी आहे हे तुला ठाऊक आहे. विसरभोळी झालेली म्हातारी माणसं घरातून निघतात आणि परत यायचं विसरून जातात. त्यांच्या गळ्यात एक छोटं यंत्र असतं आणि घरच्यांच्या फोनवर, नकाशात, एक ठिपका. माझी आईसुद्धा अशीच एकदा निघाली होती. बस डेपोच्या मागे सापडली, अनवाणी, आणि मला बघून म्हणाली, "कोण पाहिजे तुम्हाला?" त्या दिवसापासून मी हे काम धरलं. साहेबांना धंदा करायचा होता. मला फक्त आई पुन्हा हरवायला नको होती.

नकाशाचं काम म्हणजे दुरून डोंगर साजरे. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली की औषधाचं दुकान समुद्रात जातं. नकाशाचे चौकोन उतरले नाहीत की नुसता करडा पडदा. फोननं जुनी जागा धरून ठेवली तर माणूस घरी जेवतोय आणि ठिपका अजून बागेतल्या बाकावर. हे सगळे आजार ओळखीचे झाले होते, त्यांची औषधंही तोंडपाठ होती. एकच दुखणं चमत्कारिक होतं. यंत्र बंद पडलं की जागेचे आकडे येतच नाहीत, आणि काहीच आलं नाही की आमचा कोड ते शून्य धरायचा. शून्य अक्षांश, शून्य रेखांश ही जागा भर समुद्रात आहे. एका सुनेनं सासऱ्यांना तिथे पाहिलं आणि फोनवर असा हंबरडा फोडला की तक्रारी घेणाऱ्या आमच्या मावशीही रडायला लागल्या. सासरे न्हाणीघरात होते आणि यंत्र पलंगाखाली, बंद.

साहेब म्हणाले, "समुद्र नको. आकडे आले नाहीत तर ठिपका शहराच्या मधोमध ठेव. निदान लोकांचा जीव तरी थाऱ्यावर राहील."

मी मधोमधचे आकडे काढले आणि टाकले. एक ओळ लिहिली, झालं. त्या मधोमध नेमकं काय आहे हे बघायला कोण जातंय? चौक असेल, नाहीतर मैदान. पुढे वर्षभर मला त्या ओळीची आठवणही झाली नाही.

मग एका थंडीत मावशी माझ्या टेबलाशी आल्या. "एक बाई सारखा फोन करतायत. म्हणतात, तुमची माणसं माझ्या दारात येतात."

ठिपका ज्या जागी पडत होता तिथे घर होतं. मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती ओळ काढून टाकली. जागा कळत नसेल तर तसं स्पष्ट लिहून येईल, ठिपका मुळीच दिसणार नाही, अशी सोय केली आणि नवं ॲप सगळ्यांना पाठवलं. साहेब म्हणाले, जाऊन ये, चार गोड शब्द बोल. वाटेत बिस्किटांचा डबा घेतला. दुपारची वेळ होती, पण धुकं असं की रिक्षावाल्यानं दिवा लावला होता.

गल्ली कारखान्यांच्या मागे होती. घर बैठं, दार अर्धवट उघडं. पहिल्यांदा नजर गेली ती बाहेरच्या चपलांवर. भिंतीला लागून ओळीनं मांडलेल्या, कितीतरी. सगळ्या म्हाताऱ्या माणसांच्या. एका बाजूनं झिजलेल्या टाचा, लोकरीचे सपाट जोडे, एकाला रबराची पट्टी बांधलेली. आत बरीच मंडळी असतील असं वाटून मी पदर… म्हणजे ओढणी सारखी केली आणि हाक मारली.

एक ठेंगणी, स्वेटर घातलेली बाई बाहेर आली. खांद्यावर भांडी पुसायचं फडकं.

"या. कुणाला न्यायला आलात?"

"न्यायला नाही, काकू. मी त्या नकाशाच्या ऑफिसातून आलेय. माफी मागायला."

"अगं बाई! ये, ये. त्या खुर्चीवर नको, तिथे बसलेत. या पलीकडच्या बस."

खोलीत कोणी नव्हतं. भिंतीच्या कडेनं खुर्च्या होत्या, एकीला दुसरीचा मेळ नाही अशा, मागून आणलेल्या असाव्यात. ओल्या लोकरीचा वास येत होता, आणि गुडघ्यांना लावायच्या मलमाचा. मला वाटलं, एकटीच राहते बिचारी, डोक्यावर परिणाम झाला असेल. मी सांगितलेल्या खुर्चीवर गपचूप बसले.

"आधी फक्त घरचे यायचे," काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. "घामाघूम झालेले. आमचे बाबा इथे आहेत का? मी म्हणायची, नाहीत हो. शिव्या खाल्ल्या मी. एकानं तर माझी कपाटं उघडून पाहिली."

"चूक आमची होती, काकू. खरंच…"

"मग ते स्वतःच यायला लागले."

"कोण?"

"ज्यांना शोधत होते ते." त्यांनी मघाच्या खुर्चीकडे पाहिलं. "हे फार सभ्य आहेत. उंच आहेत, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. फक्त सारखं विचारतात, स्कूटरची किल्ली कुठे ठेवली म्हणून."

दोऱ्यानं बांधलेला तो चष्मा मी पाहिला होता. ते आमचं यंत्र घेणारे पहिले गृहस्थ. ऑफिसात येऊन किल्ली शोधायचे आणि आम्ही सगळे त्यांच्याबरोबर टेबलांखाली वाकायचो. उन्हाळ्यात ते गेले. मुलीनं यंत्र परत आणून दिलं तेव्हा ते बंद करून मीच खणात ठेवलं होतं.

बंद करून. मला एकदम लख्ख समजलं आणि समजायला नको होतं. माणूस गेला की घरचे यंत्र बंद करतात. बंद यंत्राकडून आकडे येत नाहीत. आणि ज्याचे आकडे येत नाहीत त्याला कुठे पाठवायचं, ते मी माझ्या हातानं लिहून ठेवलं होतं.

मी घाईघाईनं म्हणाले, "काकू, ती ओळ आज सकाळी काढून टाकलीय. आता इथे कोणी येणार नाही."

काकूंचा चेहरा उतरला. "काढलीस? तरीच… सकाळपासून दाराशी घुटमळतायत. आत यायचं की नाही, तेच कळेना झालंय त्यांना. अगं, मग आता ही माणसं जातील कुठे?"

बाहेर धुक्यात चपला घासल्याचा आवाज झाला. एकाच्या नव्हे.

मी फोन काढला. म्हटलं, यांना दाखवावं की नकाशा कसा स्वच्छ झालाय. खरं तर मलाच बघायचं होतं. नकाशा उघडला. या घरावर एक ठिपका होता, आणि त्याच्याखाली लिहिलं होतं: आई.

घाबरले, पण डोकं सवयीनं चालायला लागलं. फोननं जुनी जागा धरली असेल. साठलेलं सगळं पुसलं. ठिपका तिथेच. ॲप जुनं असेल. बघितलं, सकाळचंच होतं. आकड्यांची अदलाबदल? मग ती समुद्रात दिसली असती. फोन बंद करून चालू केला. आधी करडे चौकोन आले, मग एकेक करून भरत गेले: कारखाने, गल्ली, हे घर. आणि ठिपका.

तो हलत होता. गल्लीतून दाराकडे, थोडा पुढे, मग थांबा. पुन्हा थोडा पुढे. आईचा उजवा गुडघा धरतो, ती तशीच चालते. बाहेरून तसाच आवाज येत होता… पाऊल ओढल्याचा, मग काहीच नाही, मग पुन्हा ओढल्याचा.

मी घरी फोन लावला. वहिनींनी उचलला.

"वहिनी, आई कुठेय?"

"झोपल्यात की. यंत्र टोचतं म्हणाल्या, म्हणून काढून बंद करून ठेवलंय. का गं?"

"आत जा. हात लावून बघा."

"अगं, आत्ताच डोळा लागलाय…"

"वहिनी, तुमच्या पाया पडते, जा."

फोनमधून त्यांच्या पावलांचा आवाज दूर गेला. इकडे काकू उठून दाराशी गेल्या होत्या. बाहेर बघत त्या मायेनं म्हणाल्या, "या हो, या. उंबरठा सांभाळा." खोलीत आवळ्याच्या तेलाचा वास आला. आईच्या उशीला येतो तो.

"अगं…" वहिनींचा आवाज बदलला होता. "हात गार लागतोय. आई? अहो आई! उठा ना…"

मी दाराकडे तोंड केलं. दिसत काहीच नव्हतं, नुसतं धुकं आत येत होतं. लहानपणी तिनं मला कितीदा दटावलं असेल, तसंच मी तिला दटावलं. "आई, आत यायचं नाही. हे आपलं घर नाही. चल, घरी जा बघू. वहिनी हाक मारतायत."

ठिपका उंबरठ्यावर थांबला होता. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मी पुन्हा म्हणाले, या वेळी रडत, "आई… घरी."

नकाशा करडा झाला. फोनमध्ये कोणीतरी खोकलं, आणि वहिनी हसत-रडत ओरडल्या, "उठल्या गं! तुझंच नाव घेतायत."

मी उठून पळालेच. दारात मात्र पाय थबकले. चपलांच्या ओळीत शेवटी, आत तोंड करून, आईची चप्पल होती. तिचा पट्टा तुटला तेव्हा मीच माझ्या जुन्या पिशवीची निळी पट्टी शिवली होती, वेडीवाकडी. अशी दुसरी जोडी जगात नसेल. मी वाकले तर काकू मागून म्हणाल्या, "राहू दे, पोरी. ज्याची त्यानंच न्यावी."

घरी आई दूध पीत बसली होती. तिची चप्पल कुठेच सापडली नाही. मी जवळ बसले तर म्हणाली, "त्या बाईंकडे राहिली बघ माझी चप्पल. स्वभावानं चांगल्या आहेत, पण खुर्ची काही रिकामी नव्हती."

त्या संध्याकाळी मी ती ओळ परत लिहून ठेवली, पण चालू केली नाही; वेळ आली की करायची. साहेबांना विचारलं नाही. फक्त आकडे बदलले, आणि घरच्यांच्या फोनवर ठिपका दिसू नये एवढं बघितलं. यंत्र एक दिवस बंद होणारच होतं, ते काही मला थांबवता येणार नव्हतं. पण परक्या घरी खुर्चीची वाट बघत उभं राहायला माझी आई काय वाऱ्यावर पडलीय? मी आमच्या घराचे आकडे टाकले.

आई पुढच्या थंडीत गेली. झोपेतच, काही त्रास न होता. सगळे रडत होते आणि मी यंत्र शोधत होते. दादा म्हणाला, त्याची एवढी काय घाई आहे? मी आधी ती ओळ चालू केली, मग यंत्र हाती घेतलं. बटण दाबलं, हिरवा दिवा विझला, आणि मग मीही रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी दार उघडलं आणि मला हाक मारली. बाहेर निळ्या पट्टीची चप्पल होती, आत तोंड करून, नीट जोडीनं ठेवलेली.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. भीती नंतर वाटली, जेव्हा शेजारी आणखी एक जोड दिसला. पुरुषाचा, मोठ्या मापाचा. ओळ एकच आहे ना, सगळ्यांना तीच लागू. एवढं माझ्या ध्यानात यायला हवं होतं, पण आईपुढे मला दुसरं काही सुचलंच नाही. दादा म्हणतो, शेजारच्या पोरांचा चावटपणा आहे. वहिनींनी चपलांची दुसरी मांडणी आणली, आणि या खुर्च्या. तू बसलीयस ती मोकळी होती, मी बघूनच दिली.

तर ती ओळ तेवढी राहू दे. आणि निघताना दिवा घेऊन जा, आपली चप्पल नीट ओळखून घाल. बाहेर बऱ्याच असतात. निळ्या पट्टीची मात्र हलवू नकोस, सकाळी ती शोधत बसते.