देवीचं वाकडं नाक

रोममधल्या कॅपिटोल टेकडीच्या उतारावर विबियाच्या चपलेचा बंद तुटला. पावांची टोपली घरंगळणार, इतक्यात कुणीतरी ती अलगद धरली.

"पाव वाचले. आता चप्पलही बांधू?"

"हात बघा आधी... काळे कुळकुळीत!"

"टांकसाळीत ठसे कोरतो ना. निकियस म्हणतात मला."

तो हसला आणि तिच्याकडे बघतच राहिला. त्या दिवसापासून विबिया टांकसाळीतल्या माणसांना पाव पोचवायला स्वतःच जाऊ लागली.

आणि मग एका सकाळी बापाच्या पावाच्या भट्टीवर चांदीचं नवंकोरं नाणं, देनारियस, आलं. त्यावर व्हीनस देवी होती. शेजारच्या फाबियाने ते उन्हात धरलं आणि ती खदखदून हसली. "अगं बाई, ही तर तूच! हेच ते वाकडं नाक!"

सरकारी नाण्यावर देवी म्हणून जिवंत पोरगी? निकियसचा हातच कलम करतील! टोपली उचलून, पदराने तोंड झाकून विबिया धावत सुटली.

टांकसाळीत तिच्या आधीच, स्वतःला व्हीनसचा वंशज म्हणवणारा अधिकारी गावियस तेच नाणं घेऊन उभा होता.

"व्हीनसचं नाक वाकडं कसं रे?" तो निकियसवर गुरकावला. पावलं वाजली तसा गावियस वळला. "ए पाववाली, पदर खाली घे."

तिने पदर घट्ट धरला. निकियस मध्ये आला. "मालक, तिला काहीच ठाऊक नव्हतं. जी शिक्षा द्यायची ती मला—"

"थांबा!" विबियाने पदर खाली ओढला. समोर गावियसचं पिढीजात नाक... तेही डावीकडे कललेलं! "मालक, तुमचं घराणं व्हीनसच्या वंशातलं ना? मग तुमचं नाक कुणावर गेलंय?"

टांकसाळीच्या भट्टीचा भातासुद्धा थांबला. गावियसची बोटं सावकाश नाकाकडे गेली. त्याने नाणं पुन्हा पुन्हा न्याहाळलं.

"हं... आजोबांचंही असंच होतं," तो पुटपुटला. "राहू दे हा ठसा." नाणं मुठीत धरून, मान ताठ करून तो निघून गेला.

विबिया निकियसकडे वळली.

"वेडा आहेस का तू? जीव गेला असता! का कोरलंस मला?"

"देवी आठवायला डोळे मिटले... आणि दरवेळी तूच दिसलीस. काय करू?"

ती लाजली, पण नजर हटवली नाही. "मग आता डोळे उघडे ठेवून माझ्या बापाकडे मागणी घालायला चल."