कोमट पाणी

बांधकामाच्या रोजनिशीत तीन गोष्टी लिहायच्या असतात. हवा, हजर कामगार, झालेले काम. मी गुस्टाव नेरिंग, बर्लिनमध्ये चर्च बांधण्याच्या कामांवर पर्यवेक्षक. एकोणीस वर्षांच्या रोजनिशा माझ्या कपाटात आहेत. त्यांत मी फक्त चार ओळी खोडल्या. त्या ओळी इथे परत लिहितो.

*

बर्लिनच्या वेडिंग भागातले चर्च, १८९३. हवा कोरडी. गवंडी चौदा.

काम बोथो फोन क्रासनिक सरकारांचे होते. राणीसाहेबांच्या दरबारातले ते मोठे अधिकारी, पण दरबारापेक्षा परांचीवर जास्त दिसत. काळा कोट, बाहीवर चुन्याचे ठिपके. मुकादम मातुश्के त्यांच्या पाठीमागे म्हणायचा, "बर्लिनमध्ये आता पापी पुरायचे नाहीत. बोथो सरकारांना ते बाहेरगावाहून मागवावे लागतील."

त्या ऑगस्टमध्ये सरकारांना मुलगी झाली. लग्नाला अकरा वर्षे झाली होती. तिचा बाप्तिस्मा आपल्याच चर्चमध्ये व्हायचा, नव्या कुंडात, सगळ्यांत पहिला, आणि धर्ममाता म्हणून तिला धरायला खुद्द राणीसाहेब. दिवस ठरला, एक ऑक्टोबर, रविवार.

बाप्तिस्म्याआधी मुलाचे नाव उच्चारत नाहीत. तरी मनोऱ्याच्या टोकावरचा तांब्याचा गोळा बंद करायच्या दिवशी मातुश्केला राहवले नाही.

"सरकार, नाव तरी सांगा की. आम्ही त्या नावानं एक एक ग्लास रिचवू."

सरकारांनी हातातला कागद घडी करून गोळ्यात ठेवला. प्रथेप्रमाणे आत त्या दिवसाचे वर्तमानपत्र होते, चर्चचा नकाशा होता. "वर गेलं बघ," ते म्हणाले. "देवाच्या जवळ." मी त्यांना इतके हसताना पुन्हा पाहिले नाही. पत्रेवाल्याने डाख देऊन गोळा बंद केला.

मग कुंडाभोवतीच्या फरशा आल्या. कुंड अष्टकोनी, फरशा सरळ कापलेल्या. मातुश्के म्हणाला, "साहेब, दोन दिवसांत घासून बसवतो." मी नको म्हणालो. सांधे जाड दिसले असते. मी तीन आठवडे मागितले आणि सरकारांनी दिले. नवी तारीख बावीस.

*

दहा ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी नव्या फरशीचा नमुना घेऊन मी सरकारांच्या घरी सहीसाठी गेलो. दार उघडेच होते. आतल्या खोलीत सुईण पोलेन्झबाई हातात वाटी घेऊन उभ्या होत्या.

"सरकार, नाव सांगा. वाटीभर पाणी पुरतं. पाणी कोमट केलंय, लेकराला गार लागणार नाही. अशा वेळी सुईणीनं दिलेला बाप्तिस्माही देवाला चालतो."

"बारा दिवस राहिलेत," सरकार म्हणाले.

"अहो, तिच्याकडे बारा श्वास नाहीत!"

पलंगावरून त्यांच्या पत्नीचा, ओटिलीबाईंचा आवाज आला. "बोथो, काहीही नाव दे रे. काहीही."

सरकारांनी सुईणीच्या हातातून वाटी काढून घेतली. रागाने नाही, आजारी माणसाच्या हातातून कप घ्यावा तशी. "सगळं ठरलंय," ते म्हणाले. "राणीसाहेबांना काय सांगू?"

मी फरशी छातीशी धरून दारात उभा होतो. फरशी उत्तम होती. कडा अगदी नेमक्या.

थोड्या वेळाने पोलेन्झबाईंनी माझ्याकडे वळून पाहिले आणि मान हलवली. माझ्याकडे का, माहीत नाही. सरकारांच्या हातात वाटी तशीच होती. एक थेंबही सांडला नव्हता.

बाप्तिस्मा न झालेल्या मुलांना कबरस्तानाच्या भिंतीकडेला जागा देतात. तिथल्या फळीवर नाव नव्हते. ओटिलीबाई पोमेरानियात माहेरी गेल्या, त्या परत आल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्याही वारल्या.

बावीस तारखेला चर्चचे उद्घाटन झाले. कुंडावर पहिले मूल एका पोस्टमनचे होते. तो दणकट मुलगा फार रडला.

*

मोआबिटचे चर्च, १८९५. हवा कोरडी. उद्घाटनाला तीन दिवस. *कुंडात चार बोटे पाणी. कोमट.*

कुंड वापरात नव्हते, झाकण बंद होते. मी छप्पर तपासले. गळती नव्हती. नळ अजून जोडला नव्हता. फडक्याने पाणी टिपले आणि ओळ खोडली.

*

रिक्सडॉर्फचे चर्च, १८९८. हवा कोरडी, वारा पूर्वेचा. *दारापासून कुंडापर्यंत ओली पावले. अनवाणी. परतीची नाहीत.*

"कुणाची तरी पोरगी शिरली असेल," मातुश्के म्हणाला.

"किल्ली माझ्याकडे आहे."

"मग तुमचीच असेल, साहेब. बायकोला सांगितलंय का?" तो हसला. मग खाली वाकून त्याने एका पावलावर बोट ठेवले आणि हसायचा थांबला. टोपी काढली. संध्याकाळी त्याने हिशेब मागितला. पुन्हा तो माझ्या कामावर आला नाही.

मी माप घेतले. मला दुसरे काय येते? मागे कुणीतरी उभे होते.

"किती?" सरकारांनी विचारले.

"सोळा सेंटिमीटर, सरकार."

त्यांनी मनाशी वर्षे मोजली. पाच. "बरोबर आहे," ते म्हणाले. "वाढतेय."

दुसऱ्या दिवशी कुंडाशेजारी पांढऱ्या बुटांचा जोड ठेवलेला होता, अगदी नवा. उद्घाटनाच्या सकाळी तो उचलायला गेलो. बूट जागचे हलले नव्हते. आतून तळ ओले होते.

तेव्हा मला कळले की हा माणूस चर्चमागून चर्च का बांधतो. ती फक्त न वापरलेल्या कुंडापाशी येत होती. एकदा दुसऱ्या मुलाच्या कपाळाला पाणी लागले, की संपले. मग नवे चर्च.

*

श्योनेबर्गचे चर्च, १९०३. हवा कोरडी. *एकवीस सेंटिमीटर.*

या वेळी मी धीर केला. "सरकार, पाणी आहे, तीही आहे. नाव घ्या. आता तरी घ्या."

"धर्मखात्याला लिहिलं होतं मी," ते म्हणाले. "मृतांना बाप्तिस्मा देत नाहीत. पाचव्या कलमात आहे."

"खातं मरू दे, सरकार!"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत एवढी भीती का, ते मला तेव्हा समजले नाही. "रीतीनंच झालं पाहिजे, नेरिंग. मी पुन्हा लिहीन. परवानगी येईल."

ते गुडघ्यावर बसले आणि पावलांच्या बाजूची कोरडी फरशी हाताने पुसत राहिले. पावले पुसली जाणार नाहीत अशा बेताने.

*

लिश्टेनबर्गचे चर्च, १९११. हवा कोरडी. गुरुवार. उद्घाटन रविवारी.

उन्हाळ्यात सरकारांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला, वाचा गेली. नोकराने त्यांची चाकांची खुर्ची कुंडापाशी आणून ठेवली. मी नोकराला बाहेर पाठवले.

*चोवीस सेंटिमीटर.* बाईचे पाऊल.

पावले दारातून आली. मी येताना पाहिली नाहीत. मी खाली पाहिले तेव्हा ती होती. पण या वेळी ती कुंडाशी थांबली नव्हती.

ती खुर्चीपर्यंत आली होती.

दोन्ही पावले जवळजवळ, बोटे सरकारांच्या बुटांकडे. मोठ्या माणसाने हाक मारली की पोरे समोर येऊन उभी राहतात, तशी.

सरकारांनी तोंड उघडले. आवाज आला, पण त्यात अक्षर नव्हते. पुन्हा प्रयत्न केला. गालावरून पाणी वाहत होते आणि ते पुसायला चालता हात डावा एकच, तो त्यांनी पुढे धरला होता. हवेत. कुणाच्या तरी डोक्याच्या उंचीवर.

"नाव मी आणतो," मी म्हणालो. सरकारांना म्हणालो की तिला, सांगता येत नाही. "मला ठाऊक आहे कुठं आहे ते."

सरकार मान हलवू लागले. नाही, नाही, नाही. मला वाटले, कलम आठवले असेल.

*

रोजनिशीत मी एकच खोटी नोंद केली. वेडिंगच्या मनोऱ्यावरचा गोळा फुटला आहे, ताबडतोब उतरवावा. शनिवारी सकाळी पत्रेवाल्याने तो उतरवून अंगणात माझ्यासमोर ठेवला.

"साहेब, फुटलाय कुठं? अंड्यासारखा अखंड आहे."

"उघड."

त्याने डाख कापला. आत वर्तमानपत्र होते, कोरडे, कडेला थोडे पिवळे. नकाशा होता, कोरडा. सरकारांचा कागद होता. मी तो उन्हात उघडला. सुरेख, नेटके, दरबारी अक्षर.

"या चर्चमध्ये प्रथम बाप्तिस्मा झालेले मूल, बोथो व ओटिली फोन क्रासनिक यांची कन्या. राणीसाहेबांनी स्वमुखाने ठेवलेले नाव,"

पुढे दोन इंच जागा सोडली होती.

खाली सही.

नाव नव्हतेच. राणीसाहेबांच्या आधी ते ठरवायची त्यांची छाती झाली नव्हती. त्यांनी जागा सोडली, गोळ्याला डाख देऊन घेतला, आणि अठरा वर्षे त्या रिकाम्या जागेसाठी चर्च बांधली.

आणि मी तीन आठवडे मागितले होते.

मी खिशातून पेन्सिल काढली. माझा हक्क नव्हता. पण ती तिकडे लिश्टेनबर्गला उभी असेल, उद्या सकाळपर्यंत. काहीही नाव, आई म्हणाली होती. मी माझ्या आईचे नाव लिहायला टोक टेकवले.

ते उमटेना. कागद फाटायला लागला.

मी बोट लावून पाहिले. बाकी सगळा कागद खडखडीत कोरडा होता. तेवढी दोन इंच जागा ओली होती. कोमट होती.

*

सरकार रविवारी पहाटे गेले. कागद माझ्याकडे आहे, कपाटात, रोजनिशांच्या वर. रोज सकाळी पेन्सिल घेऊन बसतो.

आज हवा कोरडी. कागद अजून वाळलेला नाही.