आखूड बोट

दिवा राहू द्या रे. ही गोष्ट दिव्याला घाबरणारी नाही. समोरच्या दारातल्या इलेक्ट्रिशियनची आहे, आणि खरी आहे. मी सोबत होतो. रात्री कुणाकडे दिवा लागला की मला झोप लागत नाही, हे तुमची काकू सांगेलच.

मागच्या महिन्यातला दुसरा शनिवार, रात्रीचे साडेअकरा. त्याची चार वर्षांची पोर पाय ओढत चालायची. आजी होती तोवर रोज तिच्या कमरेला कोमट तेल चोळायची अन् म्हणायची, "दुखणं पायात नाही रे, इथं आहे." हा म्हणायचा, "आई, तू डॉक्टर कधी झालीस?" मग आजी गेली. त्या रात्री पोरीचा पाय उचलेचना. मी स्कूटर काढली.

डॉक्टरांनी खुब्याचा एक्स-रे सांगितला. एक्स-रेवाल्याने आम्हाला बाहेर काढून दार लावलं. थोड्या वेळाने तो बापावर डाफरला, "मध्ये हात कशाला घातलात?"

"मी तर इथंच उभा आहे."

"मग हा काय माझा आहे?"

पडद्यावर पोरीची हाडं होती. त्यांच्यावर एक मोठा पंजा. नुसत्या हाडांचा.

दुसरा एक्स-रे काढला. आम्ही तिघं काचेमागे. आत टेबलावर पोर एकटी.

पंजा होताच. पण सरकलेला. तर्जनी कमरेच्या मणक्यावर टेकलेली. आणि तर्जनीला शेवटचं पेर नव्हतं...

बाप खाली बसला. त्याच्या आईचं ते पेर दारात चेंगरून तुटलं होतं.

डॉक्टर आले. हाताबद्दल अवाक्षर नाही. बोट होतं तिथेच बघत राहिले. "हा मणका जन्मापासून मागून उघडा आहे. आतल्या नसा अडकल्यात. उद्याच एमआरआय करा. पाय बघत बसलो असतो, तर पाय गेले असते."

ऑपरेशन झालं. पोर आता पाऊल टाकते. "जखमेला तेल अजिबात नको," डॉक्टरांनी बजावलं होतं. बापाने घरातली तेलाची वाटीसुद्धा उचलून ठेवली.

परवा तपासणीचा एक्स-रे झाला. स्वच्छ. हात नाही. बाप कितीतरी दिवसांनी हसला. पोरीला टेबलावरून उचलायला त्याने कमरेखाली हात घातला...

तसाच थांबला.

मग हात माझ्यापुढे धरला.

तळहात तेलाने माखला होता. मी बोट लावून पाहिलं.

कोमट होतं.